काव वाळेपर्यंत

आमच्या खालच्या खोलीत पूर्वी छापखाना होता. यंत्रं गेली, राहिलं ते कमानदार छत आणि भिंतीत उंचावर दोन गोल खिडक्या. हिला तिथे गाण्याचा वर्ग काढायचा होता, पण छताचं काही हिच्याशी जमेना. "पालथ्या होडीत बसल्यासारखं वाटतं. फॉल्स सीलिंग करून टाकू आणि सगळं पांढरं."

माझी मेहुणी घरसजावटीचं शिकून नुकतीच बाहेर पडलेली. ती बहिणीच्या मागेच लागली. "आक्का, एक भिंत मला दे. आईने काढलेल्या चित्रातला रंग लावते, थेट कमानीपर्यंत. नाही आवडली तर झाक ते छत, मी ब्र काढणार नाही."

ठरलं. छतवाल्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाची वेळ दिली. तोवर भिंतीने हिला जिंकायचं, नाहीतर कमान कायमची बोर्डांआड आणि मेहुणीचं पहिलंच काम मातीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगारीकाकांनी चुन्यात तांबडी काव कालवली आणि रुंद ब्रशने उलटसुलट हात मारत सुटले. काय तो हात! मी शिडीखाली बसून मनातल्या मनात ठेका धरला होता. दुपारी दोनला शेवटचा हात फिरला, आणि नेमकी तेव्हाच ही खाली आली.

ओली काव म्हणजे काळपट, विटेचा चिखल फासल्यासारखी. ही दारातच थबकली.

"मी इथे गाणं शिकवणार आहे की विटा भाजणार आहे?"

"वाळू दे गं, आक्का. वाळली की उजळते."

"तुझ्या सांगण्यावर?"

"माझ्या सांगण्यावर," शिडीवरून काका म्हणाले. "ओल्या चुन्याचं तोंड बघून नापास करू नका, बाई. संध्याकाळी या."

हिने फोन काढला आणि छतवाल्याला तीनलाच बोलावलं.

मेहुणीचा चेहरा एवढासा झाला. "भाऊजी, काहीतरी करा ना."

दहा वर्षांच्या संसारात मी हिचा एक निरोप फिरवलेला नाही. देवाचं नाव घेतलं आणि चहा टाकायला गेलो.

चहा घेऊन येतो तो काका मागे ब्रश धुताहेत आणि मेहुणीने उभा पंखा भिंतीसमोर लावलेला, पाचावर. काका धावतच आले. "अगं पोरी, वाऱ्याने चुना फटकतो! डाग पडेल."

बटण बंद होईपर्यंत डाग पडला होता. परातीएवढा गोल. पण काय सांगू, त्या चिखलाच्या मधोमध फिकट, गुलाबीसर केशरी उजेड फुटला होता, पूर्वेला तांबडं फुटावं तसा.

हिने कप जमिनीवर ठेवला. कोपऱ्यातलं आईचं चित्र उचललं, नदीकाठची संध्याकाळ, आणि डागाशेजारी धरलं. चित्रातलं आकाश कुठे संपलं आणि भिंत कुठे सुरू झाली, ते मला सांगता येईना.

"सगळी अशी होणार?"

"सगळी," मेहुणी म्हणाली.

मग आम्ही चौघं ओळीने जमिनीवर बसलो आणि भिंत वाळताना बघू लागलो. हसाल तुम्ही, पण हातातला चहा प्यायचं मी विसरलो होतो. आधी खिडक्यांखाली उजळलं. "ते बघ, डावीकडे!" ही चक्क माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली. रंग कडेकडेने वर चढला आणि कमानीच्या वळणाला टेकला. ज्या वळणाला ही होडी म्हणत होती, ते आता आभाळासारखं दिसत होतं.

छतवाला खांद्यावर बोर्ड घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा त्याला वाट द्यायलाही कोणी उठलं नाही. उठली ती हीच. मान वर करून तिने 'सा' लावला. कमानीने तो अलगद झेलला आणि भरून परत दिला.

हिने डोळे पुसले. "छताचं राहू द्या," ती त्याला म्हणाली. "तेवढा एक खिळा ठोका. इथे, या फिकट राहिलेल्या डागावर. आईचं चित्र लावायचंय."

"खिळा उद्या," काका म्हणाले. "आणि पंखा मी घरी नेतोय."