मंडकळ्ळीचं विमान

म्हैसूरला विमानतळ आहे, हे आमच्या श्रीनिधीला सांगावं लागतं. हा माझा मुलगा, इथंच म्हैसुरात बोगादीत राहतो, महिन्याला दोनदा विमानानं फिरतो, पण चार तास गाडीत बसून बेंगळूरला जाऊन. इथून एकदोनच विमानं अम्मा, एक रद्द झालं की दिवस बुडाला, तिथं तासाला दुसरं मिळतं, हे त्याचं ठरलेलं पुराण. सगळेच तिकडे पळालात तर इथं विमानं वाढणार कशी, असं विचारलं की साहेब मोबाइलमध्ये डोकं घालतात.

बुधवारी सकाळी हैदराबादहून पूजिताचा फोन आला. माझी लेक, सातवा महिना, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हटलेलं, जावई जहाजावर. "अम्मा, तू कधी येतेस?" एवढंच विचारलं तिनं, पण आवाज रडका होता. शेजारच्या अवनीला मोबाइल घेऊन बसवून मी गुरुवारचं तिकीट काढून घेतलं, म्हैसूर ते हैदराबाद.

गुरुवारी मुहूर्त नव्हता. आमच्यात अशा वेळी प्रस्थान ठेवतात. आधीची चांगली वेळ बघून साडी-सुपारीचं गाठोडं दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, मग तेच उचलून निघायचं. मी अतिशहाणी, ते नेऊन ठेवलं श्रीनिधीकडेच. तिकिटाचं कळल्याबरोबर त्यानं गाठोडं कपाटात टाकलं आणि किल्ली खिशात. एकटीनं जायचं नाही, शनिवारी मला रजा आहे, बेंगळूरहून बसवून देतो, म्हणाला. प्रस्थान सोडून अम्मा निघत नाही, हा त्याचा हिशेब. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी, आणि हा मला हिशेब शिकवतो.

गुरुवारी सकाळी माझ्या घरून, अग्रहारातून ऑटो केली, ती थेट मंडकळ्ळीच्या विमानतळावर. गाठोड्याविना, जन्मात पहिल्यांदा. धास्ती होतीच, खोटं कशाला बोलू? देवाला सांगून टाकलं, साडी-सुपारी बोगादीत कपाटात आहे आणि मी इथं आहे, तुझं तू बघ.

हैदराबादला धुकं, म्हणून विमान दीड तास उशिरा. लगेच श्रीनिधीचा फोन, मी निघाल्याचं अवनीनं सांगितलं असणार. बघ, सांगत होतो ना, बाहेर ये, मी गाडी घेऊन येतो. सुम्ने, गप्प बस, म्हटलं, आणि फोन बंद करून टाकला. विमान आलं तेव्हा आम्ही सव्वीस जणं चढलो. बाकीचं म्हैसूर त्या वेळी बेंगळूरच्या रस्त्यावर असणार.

दुपारी पोचले. कामवालीनं दार उघडलं. पूजिता पलंगावर, फोन स्पीकरवर, आणि तिचा दादा, श्रीनिधी, तिला सांगत होता की ते विमान काही सुटायचं नाही, अम्मा आता शनिवारीच. मला बघून पोरगी हुंदके देत रडायला लागली. तिला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग फोन मी घेतला.

"मी पोचले," म्हटलं. "तुला यायचं तर तू ये शनिवारी, बेंगळूरहून."