शेवंतीचा वार

माझ्या तोंडाला लगाम न्हाय असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. म्हणू देत. लगाम घोड्याला लागतो, आणि घोड्याचं घर चालवायचं तर एकाला तरी बोलावं लागतंय.

मी मनुबाई. नवरा गेल्यावर बेळगावजवळच्या मच्छे गावाला माहेरी आले ती इथंच ऱ्हायले. माझ्या पाठचे दोन भाऊ, मष्णू आणि धाकटा परशराम. दोघंबी शर्यतीच्या घोड्यांवर वाढलेले. बेळगावच्या दत्तोपंत वकिलांना शर्यतीचा लई नाद, त्यांची शेवंती नावाची तांबडी घोडी आमच्या तबेल्यात असायची. तिला खायला घालायचं, फिरवायचं, पळवून तयार करायचं काम आमचं. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. श्रावणात कोल्हापूरला शर्यत, म्हणजे तयारी सगळी आषाढात. आणि आषाढात आमच्याकडं चुलीतली राखसुद्धा ओली ऱ्हाते.

बेळगावच्या लष्करी कँपाच्या पलीकडं शर्यतीचं मैदान हुतं. उन्हाळ्यात तिथली तांबडी माती पळायला चांगली, पण पावसात तिच्यावर भरवसा न्हाय. वरनं लोण्यागत मऊ आणि खाली फरशी. खूर घसरत जातो आणि मधेच एकदम धरून बसतो. त्या झटक्यात पायाच्या नळीमागची शीर तुटती, न्हायतर हाडच जातं. वळणावर तर रोज सगळी घोडी आतल्या अंगानं पळून खड्डे पाडायची, आणि त्यात पाणी साचलं की सगळं सपाट दिसायचं. हे आमच्या घरात कुणाला शिकवायला नको हुतं. गेल्या आषाढात त्याच वळणावर परशरामचा ढवळा घोडा घसरला आणि त्याच्याच अंगावर पडला. घोड्याचा पुढचा पाय मोडला, म्हणून त्याला तिथंच गोळी घातली. परशराम बाजूला चिखलात पडून ती गोळी ऐकत हुता. त्याच्या कंबरेचं हाड कसंबसं जुळलं, पण एक पाय आखूड झाला. तेव्हापासनं तो घोड्यावर बसला न्हाय आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलला न्हाय.

तो मंगळवार हुता. आषाढातल्या मंगळवारी आमचं गाव मरगाई देवीचा वार पाळतं. त्या दिवशी औत धरायचं न्हाय, गाडी जुंपायची न्हाय, बैलाच्या मानेवर जू ठेवायचं न्हाय. म्हणून परशराम पडल्यावर गावात कुजबूज झाली, वार मोडला आणि देवी कोपली. मी पाणवठ्यावर सगळ्यांची तोंडं बंद केली. देवीला काय आमच्या पोराच्या कंबरड्याशी वैर हुतं? चिखल हुता तो. शिवाय घोड्याला वार लागत न्हाय, असंच सगळे धरून चालत आलते. जू न्हाय, औत न्हाय, मग वार कसला.

यंदाबी पाऊस उघडीप देईना. मष्णूनं ठरवलं, मंगळवारी सकाळी शेवंतीला मैदानावर चौखूर सोडायची. मी त्याच्यापुढं भाकरी ठेवत म्हणलं, "पाऊस थांबू दे की रं. घोडी चालवून आण, पळवू नको."

"आक्का, शर्यत तोंडावर आली," तो म्हणला. पण आवाज पडलेला हुता आणि भाकरीबी अर्धीच खाल्ली. त्याला भ्या वाटत हुतं, ते मला दिसत हुतं.

तेवढ्यात कोपऱ्यातनं परशराम म्हणला, "काय होत न्हाय. पावसात पळवल्याबिगर घोडं तयार हुतंय काय? आम्ही पळवलीच की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचं हाड मोडलं त्यानंच हे बोलावं? "अक्कल गहाण टाकलीस काय रं?" मी म्हणलं. तो उठला आणि लंगडत तबेल्याकडं गेला. मष्णू खाली मान घालून बसला. लंगड्या धाकट्या भावानं असं म्हणल्यावर आता तो काय मागं सरत न्हाय, हे मला कळून चुकलं.

वकिलांकडं जाऊन उपयोग न्हवता. ते धारवाडला गेलते, आणि जाताना घोडीचं तुम्हीच बघा म्हणून सांगून गेलते. मग मी डोक्यावर इरलं घेतलं आणि देवळात रवळू आप्पाकडं गेले. रवळू आप्पा गावचा पंच, वाराचं सगळं तोच बघायचा. आजूबाजूला चार माणसं बसलेली.

मी विचारलं, "आप्पा, घोडं जनावर हाय का न्हाय?"

"हाय की."

"शेवंती मच्छेचं गवत खाती, मच्छेचं पाणी पिती. मग तिला वार का न्हाय?"

लोक हसले. एकजण म्हणला, "मनुबाई, गेल्या साली तूच म्हणालतीस, देवीचा काय संबंध न्हाय, चिखल हाय."

"आजबी तेच म्हणते. चिखलच हाय. पण माझा भाऊ चिखलाला भ्यालोय म्हणून सांगू शकत न्हाय. गावाला भ्यालोय म्हणून सांगू शकतो."

आता कुणी हसलं न्हाय. रवळू आप्पानं तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणला, "जनावराच्या पाठीवर माणूस बसला म्हणजे ते कामच झालं. मंगळवारी शेवंतीला खोगीर घालायचं न्हाय. वार घोडीलाबी आणि वर बसणाऱ्यालाबी."

मंगळवारी शेवंती तबेल्यात उभी ऱ्हायली. मष्णू सकाळभर ओसरीवर तोंड फुगवून बसला, पण दुपारी नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. परशराम मात्र दिवसभर तबेल्यातच हुता. तिन्हीसांजेला मी तबेल्यात दिवा ठेवायला गेले तर तो शेवंतीच्या पुढच्या पायाशी बसलेला. नळीमागनं हात फिरवत हुता, शीर गरम लागती का बघत. माझ्याकडं न बघताच म्हणला, "आक्का, गेल्या सालीबी वार हुताच. तवा कुणी का न्हाय गेलं आप्पाकडं?"

मी दिवा खुंटीला अडकवला.

"मी पळवा, पळवा का म्हणतो, ठावं हाय?" तो म्हणला. "पावसात पळवावंच लागतंय, असं असलं तर माझा पाय कामापायी गेला म्हणता येतंय. पण घोडी अशी दिवसभर तबेल्यात ऱ्हाऊ शकती आणि कुणाचं काय बिघडत न्हाय, तर मग माझा पाय कशापायी गेला? ढवळा कशापायी गेला?"

मी त्याच्या शेजारी गवतावर बसले. "कुणाला सुचलं न्हाय रं बाळा," मी म्हणलं. "एवढंच हाय बघ. बैलांचं सुचलं, तुझं सुचलं न्हाय." म्हणताना मला रडू आलं. त्यानं मान हलवली. शेवंतीनं त्याचा पटका ओढला, तवा जरासा हसलाबी.

बुधवारी पाऊस तसाच. मष्णूनं सकाळी खुंटीवरनं खोगीर काढलं. मी चुलीपुढनं उठून दारात आले, पण आता माझ्याजवळ सांगायला कुठला वार न्हवता.

मला बघून मष्णू म्हणला, "आक्का, काल कँपातली सगळी घोडी पळाली. वळणावरनंबी पळाली. कुणालाच काय झालं न्हाय. उगंच एक दिवस घालवलास."

खरं हुतं ते. भावकू दूधवाल्यानं मलाबी तेच सांगितलतं.

परशराम तबेल्यातनं लंगडत पुढं आला. "माझ्या दिवशीबी बाकीच्यांना काय झालं न्हवतं," तो म्हणला.

मष्णू हातात खोगीर धरून तसाच उभा ऱ्हायला. परशरामनं ते त्याच्या हातातनं काढून घेतलं आणि परत खुंटीवर टांगलं. मग शेवंतीची दोरी सोडून त्याच्या हातात दिली.

"गवतातनं चालवून आण तिला."

"आज बुधवार हाय रं," मष्णू हळूच म्हणला.

"असू दे. वळण वाळस्तोवर मंगळवारच समज."

दोघं भाऊ घोडीला मधे घेऊन पावसात चालत निघाले. परशराम एवढ्या लांब वरीसभर गेला न्हवता. मी परत चुलीपुढं बसले आणि पीठ जरा जास्तच मळायला घेतलं.