दिनानाथांचं ओके

अर्धांगवायूच्या झटक्याने दिनानाथांचे सगळे शब्द नेले आणि एकच मागे ठेवला, तोही इंग्रजी. ओके. आता ठेवायचाच होता तर बायकोचं नाव, ‘सावित्री’, ठेवायला देवाचं काय जात होतं? पण नाही. वालीवच्या एका बिजागऱ्यांच्या कारखान्यात ते जन्मभर तयार माल तपासायचे. दिवसभर तोंडात तेवढंच, म्हणून तो शब्द खोलवर रुतून बसला असेल, असं डॉक्टर म्हणाले. सावित्रीला, खरं सांगायचं तर, त्या शब्दाचा हेवाच वाटला.

पण बाई हार मानणारी नव्हती. बघता बघता तिने त्या एका शब्दाचे सगळे रंग ओळखून काढले. हळू, खाली उतरत गेलेलं ओके म्हणजे भूक. घाईघाईने दोनदा आलं तर न्हाणीघर, आणि तिथे चहा उकळतोय म्हणून थांबायची सोय नाही. नाकातून आलं तर आमटीत मीठ कमी. लांबवलेलं असलं तर वाडीच्या फाटकाशी कुणीतरी आलंय. शेजारची प्रिस्का केळफूल घेऊन आली की मात्र जे निघायचं ते इतकं गोड असायचं, की सावित्री म्हणायची, मेलं माझ्या वाट्याला असलं कधी येत नाही. सगळं आगाशी गाव त्यांना भेटायला आलं की आधी तिच्या तोंडाकडे बघे, काय म्हणतात म्हणून. ती सांगेल ते खरं. या मानामुळे ती जराशी चढलीच होती म्हणा ना.

अशातच एका रविवारी मुलगा आला, प्रितेश. तो बायकोबरोबर बोळिंजला फ्लॅटमध्ये राहतो. म्हणाला, आता दोघांनी तिकडेच यायचं. मेघनाने एक खोली रिकामी केलीय, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत, लिफ्ट आहे. इथे ओट्याच्या या उंच पायऱ्या आणि एकटी आई, कसं चालणार? सावित्रीला आधी वाडी आठवली. मोगऱ्याला पाणी कोण घालणार, केळीची पिलं कोण काढणार, आणि परक्या स्वयंपाकघरात आपण कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं? प्रितेशने वडिलांना सरळच विचारलं, बाबा, याल ना?

“ओके,” दिनानाथ म्हणाले.

प्रितेशचा चेहरा उजळला. सावित्रीने तो तसा राहू दिला नाही.

“नाही म्हणतायत ते,” ती म्हणाली. “तुला नाही कळायचं. हे नकाराचं ओके आहे.”

आता तिच्यापुढे कोण बोलणार? प्रितेशने चहा संपवला, बाबांच्या केसांवरून हात फिरवला आणि गेला.

तो गेल्यापासून दिनानाथ घुश्शात होते. ओके ओके करत डाव्या हाताने खाट बडवत राहिले. तिला वाटलं, मुलाचा राग आलाय. गेला हो तो, आता कुणी नेत नाही तुम्हाला, असं तिने दहादा समजावलं. जेवायचं ताट पुढे केलं तर त्यांनी तोंडातून अवाक्षर न काढता ते डाव्या हाताने बाजूला सारलं.

सावित्री होती तिथेच थबकली. लग्नानंतर एकदा ती डबा द्यायला कारखान्यात गेली होती, तेव्हा तिने त्यांचं काम पाहिलं होतं. बिजागरीवरून अंगठा फिरवायचे, चांगली असली तर ओके म्हणून पुढे द्यायचे. खोट निघाली तर शब्द नाही, मुकाट्याने डावीकडे ठेवून द्यायचे. घरीही तेच. नावडती भाजी असो की मुलाला सांगून आलेलं नको असलेलं स्थळ, या माणसाने तोंडाने कधी नाही म्हटलं नाही, नुसतं बाजूला सारलं. मग नकाराचं ओके आलं कुठून? ते तिचं तिनेच जन्माला घातलं होतं. शरमेने तिचे कान तापले.

ती खाटेवर टेकली. “अहो, खरंच जायचंय तुम्हाला?”

“ओके.” चक्क, सरळ, खणखणीत.

मग तिला रडूच आलं, आणि रडता रडता रागही आला. ही वाडी तुमच्या आजोबांनी लावलेली, इथे तुम्ही जन्मलात, तुमचा पाय निघतो तरी कसा, मी काय कमी केलं, असं बरंच काही ती बोलली.  मग दिनानाथांचा डावा हात हळूहळू सरकत तिच्या पाठीमागे गेला आणि नेमका कमरेत येऊन थांबला. त्यांना उठवता-बसवता तिथे उसण भरली होती. ते झोपले की ती गुपचूप बाम चोळायची, त्यांना पत्ताच नाही अशा समजुतीत. त्यांनी अंगठा तिथेच दाबला.

“ओके?” ते म्हणाले.

हा रंग तिने आजवर ऐकला नव्हता. हा प्रश्न होता, आणि तो तिच्यासाठी होता. सावित्रीने पदराने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले.

“नाही हो,” ती म्हणाली. “फार दुखतं. नाही उचलवत मला आता तुम्हाला. चला, जाऊ या प्रितेशकडे.”