निशाच्या खिशातली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि माझा स्वभाव काळजीचा आहे. त्याला माझा इलाज नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना शिट्टी कोण तोंडाला लावतं? काहीतरी बिनसतंय अशी शंका आली, की माणसं मला शोधतात. माझ्या पोटात बुचाची एक छोटी गोळी आहे. फुंकर आली की ती गरगर फिरते. पण तिची सगळ्यात मोठी थरथर झाली ती कुणीही न फुंकता, एका थंडगार खोलीत, एका कोटाच्या खिशात. तीच हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे.

दूर उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात मला पत्र्यातून कापलं, वाकवलं आणि डाख देऊन जोडलं. तिथून मी महाडच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात आले. बरणीत पडून असताना एके दिवशी नवेकोरे खाकी कपडे घातलेल्या एक बाई आल्या. त्यांचं नाव सारिका. एसटीत कंडक्टर म्हणून त्या नुकत्याच लागल्या होत्या. त्यांनी मला दुकानातच असं काही फुंकलं, की शेजारचा मिठाईवाला बाहेर येऊन बघू लागला. बाई लाजून चूर झाल्या, पण मला घेऊनच गेल्या.

आमची गाडी महाडहून पोलादपूरला आणि तिथून आत उमरठला जायची. उमरठला गाडी वळवायला जागा तोकडी. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला ओढा. ड्रायव्हर होते पांडूभाऊ. त्यांचे केस तेव्हाच पिकायला लागले होते आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांच्या ओळखीचा होता. गाडी मागे घ्यायची झाली की बाई खाली उतरून मागच्या बाजूला उभ्या राहत. तुटक तुटक फुंकर म्हणजे ‘या मागं’. एकच लांब फुंकर म्हणजे ‘थांबा’. आणि गाडी सुटायची झाली की दोन छोट्या फुंकरी, म्हणजे ‘चला’. माझी भाषा एवढीच. पण ती चुकली तर माणसं ओढ्यात जातील, या विचाराने मला प्रत्येक फेरीला धडकी भरायची.

बाई तशा फार भिडस्त. मोठ्यांपुढे त्यांचा आवाज फुटत नसे. साहेब काही बोलले तर ‘व्हय साहेब’, शेजारची म्हातारी काही बोलली तर ‘व्हय आत्या’. त्यांची एकुलती लेक निशा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिलाही त्या सतत बजावत, ‘मोठ्या मानसाच्या तोंडी लागायचं नाय हां.’

एका सकाळी उमरठला असं धुकं होतं, की बाईंना स्वतःचे पायही धड दिसेनात. शाळेला सुट्टी होती म्हणून निशा गाडीत मागच्या बाकावर बसून काचेतून आईकडे बघत होती. पांडूभाऊ गाडी मागे घेत होते. एकाएकी बाईंना दिसलं, की पावसात ओढ्याची कड ढासळली आहे आणि मागचं चाक तिकडेच येतं आहे. त्यांनी मला लांब फुंकलं.

‘जागा हाय गो बाय!’ पांडूभाऊ खिडकीतून ओरडले. ‘मला म्हायती हाय!’

बाईंनी पुन्हा फुंकलं. गाडी अजून सरकतच होती. तिसऱ्यांदा त्यांनी मला इतक्या जोरात फुंकलं, की माझी गोळी फुटते की काय असं मला वाटलं. त्याच वेळी त्या गाडीच्या पत्र्यावर हाताने धडाधड थापा मारत होत्या. गाडी थांबली. पांडूभाऊ खाली उतरले, चाकामागची कड त्यांनी पायाने दाबून पाहिली, तर मातीचं ढेकूळ सुटून ओढ्यात पडलं. मग ते म्हणाले, ‘तुझी शिट्टी झाली की मी थांबनार. कारण नंतर विचारीन.’ तेव्हापासून त्या दोघांचा हा नियमच झाला.

वर्षं गेली. बाईंना गळ्यात अडकवायची नवी प्लॅस्टिकची शिट्टी मिळाली आणि मी घरी आरशाशेजारच्या खिळ्यावर लटकले. माझ्यावर हिरवट डाग चढले. कुणाचं लक्ष नव्हतं. वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू? पण त्या खिळ्यावरून मला एक गोष्ट रोज दिसायची. निशा शिकत होती. मोठमोठी पुस्तकं, भिंतीवर विमानाच्या आतल्या बटणांचा कागदी नकाशा, आणि एकटीने इंग्रजीत बडबड. ती शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकली, लायसन्स घेऊन घरी आली, आणि मग नोकरीची वाट बघत बसली. उडवायला विमान नाही असा पायलट म्हणजे माझ्यासारखाच, खिळ्यावरचा.

पहिल्या मुलाखतीहून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

‘काय विचारलंन?’ बाईंनी विचारलं.

‘सगळं येत होतं आई. हवामानाचा अहवाल वाचून दाखवला. उड्डाण करताना इंजिन बंद पडलं तर काय, ते सांगितलं. मग शेवटी एका पांढऱ्या केसांच्या कॅप्टननी विचारलं, मी चुकतोय असं तुला दिसलं तर तू काय करशील? आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मी म्हटलं, सर, आपण सीनियर आहात, आपल्याला जास्त कळतं.’

‘मग बरोबरच बोललीस की!’

‘नाय आई. तिथंच गेलं सगळं. उत्तर मला पुस्तकातलं पाठ होतं गं. तोंडातून दुसरंच आलं.’

बाईंना यात काय चुकलं ते कळेना. निशा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अशा मुलाखती वरचेवर निघत नाहीत आणि लायसन्स घेऊन नुसतं बसून राहिलं तर हात विसरतात, हे मला तिच्याच फोनवरच्या बोलण्यातून समजलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. तसा तो खिळ्यावर टांगलेलाच होता म्हणा.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं. मग घरात तयारी सुरू झाली. निवृत्त झालेले पांडूभाऊ आता कॅप्टन होऊन खुर्चीत बसायचे आणि बाई त्यांच्या शेजारी. निशाने त्यांना प्रश्न लिहून दिले होते. तुमच्याबद्दल सांगा. आमचीच कंपनी का? तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. बाई ते प्रश्न तिकीट विचारल्यासारखे भराभर विचारत आणि निशाला हसू येई. पांडूभाऊंना मात्र स्वतःचेच प्रश्न सुचत.

‘विमानाला रिव्हर्स गिअर असतो काय गो?’

‘मागं जायला नसतो काका. ट्रॅक्टर पुढच्या चाकाला धरून मागं रेटतो. आणि खाली एक माणूस लक्ष ठेवतो.’

‘म्हंजे कंडक्टर हायच की!’ पांडूभाऊ एकदम खूश झाले.

निघायच्या आदल्या दिवशी निशाने मला खिळ्यावरून काढलं आणि चिंचेचा कोळ लावून घासलं. मी पुन्हा पिवळीधमक झाले. ‘ही नेते बरोबर,’ ती म्हणाली. बाई तिच्या कोटाची कॉलर नीट करत होत्या. निघताना त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि नेहमीचंच सांगितलं, ‘मोठी मानसं असतील. उलट बोलू नको हां बाय.’ निशाने वाकून आईला नमस्कार केला. मला मात्र घाम फुटला असता, पितळेला फुटत असता तर.

मुंबईत कंपनीच्या इमारतीत शिरतानाच मला एका ट्रेमध्ये ठेवलं आणि पट्ट्यावरून एका अंधाऱ्या पेटीत पाठवलं. पलीकडचा पहारेकरी मला उलटसुलट करून बघू लागला. वाटलं, संपलं, आता मला ठेवून घेणार. पण त्याने नुसतं हसून निशाकडे परत दिलं. आत पाच-सहा मुलं-मुली बसली होती, सगळी कडक इस्त्रीत. एकाचे वडील स्वतः कॅप्टन होते. तो मजेत पाय हलवत होता. आधी संगणकावर परीक्षा झाली. मग सगळ्यांना एकत्र बसवून एक कोडं सोडवायला दिलं. तिथं कोण जिंकतं हे बघत नव्हते. कोण दुसऱ्याचं ऐकून घेतं, तिकडे त्यांचं लक्ष होतं. निशाचा हात सारखा खिशात येऊन मला चाचपत होता. बोटं बर्फासारखी गार होती.

मग तिचं नाव पुकारलं. खोलीत तिघं होते. दोन कॅप्टन, आणि माणसाचं मन ओळखणाऱ्या एक बाई. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. त्यांनी तिची उड्डाणांची नोंद पाहिली. हवामानाचा अहवाल वाचायला लावला. नोकरीविना बसून काय केलंस, हेही विचारलं. तिचा आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. मला वाटलं, आपण सुटलो.

तेवढ्यात मोठे कॅप्टन पुढे झुकले. त्यांचेही केस पांढरे होते.

‘धुकं आहे. आपण उतरतोय. ठरलेल्या उंचीला धावपट्टी दिसली नाही तर विमान पुन्हा वर घ्यायचं, हा नियम. ती उंची गेली. तुला धावपट्टी दिसत नाही. मी म्हणतो, मला दिसतेय. काय करशील?’

निशाचं काळीज कोटाच्या कापडातून मला ऐकू येत होतं. माझ्या पोटातली गोळी थरथरू लागली. बोल गो बाय, मी म्हणत होते. पण शिट्टीचं कोण ऐकणार? तिला फुंकावं लागतं.

‘मी सांगेन, सर, वर घ्या,’ ती हळूच म्हणाली.

‘मी ऐकलं नाही.’

‘पुन्हा सांगेन. मोठ्याने.’

‘माझी नोकरी तुझ्या वयाइतकी झाली आहे. तू काल आलीस. वडीलधाऱ्या माणसाला असं बोलायला तुला संकोच नाही वाटणार?’

निशाची बोटं खिशात शिरली आणि त्यांनी मला घट्ट धरलं. एवढं घट्ट तर बाईंनीही कधी धरलं नव्हतं.

‘वाटेल सर,’ ती म्हणाली. ‘माझी आई एसटीत कंडक्टर आहे. ती मोठ्यांना कधी उलट बोलत नाही. मलाही आज निघताना तेच सांगितलं तिनं. पण एकदा धुक्यात चाक ओढ्याकडे चाललं होतं, तेव्हा तिनं ड्रायव्हरकाकांना तीनदा शिट्टी दिली. काका म्हणत होते, मला माहिती आहे. तरी दिली. मी गाडीतच होते. आईनं तोंडानं सांगितलं ते मी गेल्या मुलाखतीत केलं आणि नापास झाले. आज मी तिनं शिट्टीनं केलं ते करेन. तिसऱ्यांदाही तुम्ही ऐकलं नाहीत तर विमान मी हातात घेईन आणि वर नेईन. माफी खाली उतरल्यावर मागेन.’

मोठ्या कॅप्टननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता,’ ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही. दुसऱ्या दिवशी खोट्या विमानात बसवून तिची परीक्षा घेतली, तेव्हाही कुणी काही कळू दिलं नाही. ‘फोन येईल,’ एवढंच.

घरी आल्यावर निशाने मला आईच्या हातात दिलं. ‘हिला खिळ्यावर ठेवू नकोस. कामाला ने,’ ती म्हणाली. काय उत्तर दिलं तेही तिने सांगितलं. बाई ऐकत होत्या, आणि ‘मी असं केलं व्हतं?’ असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. फोन वाजला की दोघी दचकायच्या, आणि तो कुणीतरी कर्ज हवं का म्हणून विचारणारा निघायचा.

मग एका दुपारी आम्ही उमरठला होतो. आता गाडीवर शुभम नावाचा तरुण ड्रायव्हर आहे. तो गाडी मागे घेत होता, मी बाईंच्या ओठांत होते, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर निशाचं नाव त्यांनी पाहिलं. माझ्यातून येणारी हवा एकदम थरथरली. गाडीच्या खिडकीत बसलेल्या, नेहमीच्या प्रवासी काशीबाई म्हणाल्या, ‘अगो सारिका, घे की फोन!’ बाईंनी घेतला नाही. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. बाईंची नजर चाकावर होती. तुटक, तुटक, तुटक. गाडी जागेवर आली. लांब फुंकर. गाडी थांबली. मगच त्यांनी फोन कानाला लावला.

‘आई, घेतलं मला!’

बाईंनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. डोळे मात्र भरून वाहू लागले. ‘आई? आई, ऐकतेस ना?’ पलीकडून निशा घाबरली. तेव्हा बाईंनी मला ओठांना लावलं आणि फोनमध्ये दोन छोट्या फुंकरी मारल्या. चला.

पलीकडे निशा रडत रडत हसू लागली. पण शुभमनेही त्या दोन फुंकरी ऐकल्या आणि कंडक्टरला खाली सोडून त्याने गाडी हाकली! गाडीत एकच गलका झाला. बाईंनी तशाच भरल्या डोळ्यांनी मला लांब फुंकलं. गाडी जागच्या जागी थांबली. शुभमने खिडकीतून डोकं काढलं आणि मग विचारलं, ‘काय झालं मावशी?’

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी जुनं खिळ्याला लटकत असेल. कधीतरी चिंच लावून घासा त्याला, एवढीच माझी विनंती. आणि समोर माणूस कितीही मोठा असला, तरी चाक कडेला चाललेलं तुम्हाला दिसलं आणि पोटात गोळी थरथरली, तर फुंकायला लाजू नका. मी म्हातारी झाले आहे, गोळी झिजली आहे, आवाज थोडा फाटतो. उद्या सकाळी मात्र उमरठची फेरी आहे, आणि धुकं पडणार असं म्हणतात.