तीन दहाची परवानगी

शाल्मलीचा अंगठा भारी कामसू होता. देवनहळ्ळीच्या त्यांच्या सोसायटीत गेटवर काहीही आलं की फोनवर विचारणा येई, आणि मीटिंगमधून मान वर न करता ती ‘हो’ दाबून मोकळी होई. कुरिअर, हो. पाण्याचा कॅन, हो. वाचायला वेळ होता कुणाला! नोकरीसाठी ती इकडे कानडी मुलखात आली, नवरा पुण्यातच राहिला. नोकरी आणि आठ वर्षांची लेक भूमिका, दोन्ही आपल्याच गळ्यात पडल्यात असं ती सगळ्यांना सांगे. त्यातली नोकरी ती खरोखर नीट सांभाळत होती. भूमिका दोन वाजता शाळेच्या बसमधून उतरे, किल्लीने दार उघडे आणि आई येईपर्यंत एकटी राही.

त्या गुरुवारी साडेचारला वॉचमन ज्योतिबाचा फोन आला. निपाणीकडचा माणूस, तिच्याशी मराठीतच बोलायचा.

“अक्का, पोरगी अजून परत आली न्हाई बघा.”

“परत? कुठून? ती घरात आहे.”

“रोज भाईर जाती की, तीन धाला. एकटं पोर आमी विचारल्याबिगर सोडत न्हाई. तुमी रोज हो म्हंताय.”

ऑफिसमधून धावत निघून कॅबमध्ये तिने फोनवरची गेटची यादी उघडली. भूमिका, एकटी, बाहेर, ३.१०. मंजुरी: शाल्मली. शाळेचे गेले तेवीस दिवस हेच. प्रत्येक दिवशी खाली ३.४०, आत. आजच्या ओळीखाली मात्र काहीच नव्हतं. पोरीच्या मोज्यांना चिकटलेली कुसळं तिने रोज चिडचिड करत उपटली होती, आणि ती आली कुठून हे एकदाही विचारलं नव्हतं.

ज्योतिबा गेटवरच उभा होता. सोसायटीमागची द्राक्षाची बाग तोडून आता प्लॉट पाडले होते. “त्या अंगाला जाती,” तो म्हणाला, “तिकडं जुनी विहीर हाय.”

विहिरीला कठडा नव्हता. काठावर शाळेचे काळे बूट शेजारी शेजारी नीट ठेवलेले. शाल्मली काठावर ओणवी झाली आणि खालच्या हिरव्या पाण्याकडे बघून जिवाच्या आकांताने ओरडली. पाणी हललंसुद्धा नाही.

“आई.”

मागे प्लॉटच्या दगडावर भूमिका मोजे घालून बसली होती. रडत नव्हती.

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. “गेटवरून रोज विचारत होते. एकदा तरी नाही म्हणशील म्हणून.”

“चुकलं माझं,” शाल्मली म्हणाली. पोरगी कुशीत आली नाही. तिने फक्त बूट घालून घेतले.

शुक्रवारी शाल्मली ऑफिसला गेली नाही. तीन वाजता भूमिका बूट चढवून खाली गेली. शाल्मलीने तिला जाऊ दिलं आणि फोन दोन्ही हातांत धरून बसली. तीन दहाला तो वाजला. तिने अक्षर न् अक्षर वाचलं आणि ‘नाही’ दाबलं.

पाच मिनिटांनी भूमिका दारात आली. आईच्या हातातल्या फोनकडे बघत राहिली.

“सोमवारी तू ऑफिसला गेल्यावर पण विचारीन.”

“विचार,” शाल्मली म्हणाली. तिला भीती वाटत होती, पोरीची नव्हे, स्वतःच्या अंगठ्याची.

भूमिका आत येऊन सोफ्यावर बसली. बूट मात्र तिने काढले नाहीत.