समुद्र डाव्या हाताला

नोरीनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, तीन कोपऱ्यांवर मीठ, लोणी आणि साखरेचं भांडं ठेवलं, चौथ्यावर नवऱ्याचं कोपर ओढून टेकवलं आणि म्हणाली, "हं. आता सांग, कुठून कसं जायचं."

जार्लथने नकाशाकडे पाहून सुस्कारा सोडला. नकाशात लोकांना गावं दिसतात, खाड्या दिसतात. त्याला नातेवाईक दिसत होते.

मेयो जिल्ह्याच्या त्या किनाऱ्यावर एक गोष्ट कोणी कोणाला शिकवत नाही, ती अंगातच असते. नात्यातल्या माणसाच्या दारावरून जायचं आणि आत न शिरता पुढे सटकायचं, हे चालत नाही. आत गेलं की चहा, चहाबरोबर हॅम, हॅमनंतर सफरचंदाचा टार्ट, आणि टार्ट संपेपर्यंत कोण आजारी आहे, कोण गेलं, कोणाची जमीन कोणाच्या घशात गेली याचा साद्यंत पाढा. जो थांबत नाही त्याचं नाव निघतं, आणि पुढची दहा लग्नं आणि वीस मयतं ते निघत राहतं. जार्लथच्या घराण्याने तर वंशवेल वाढवताना किनाऱ्याचा एकही फाटा मोकळा सोडला नव्हता.

एरवी ठीक होतं. या खेपेला अडचण चहाची नव्हती, चहाबरोबर येणाऱ्या पहिल्या प्रश्नाची होती. "आणि मॅमीकडे कोण आहे?"

मॅमी म्हणजे जार्लथची आई विनी. अर्धांगाने डावी बाजू गेली तेव्हापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, ती स्वयंपाकघराशेजारच्या पुढच्या खोलीत पलंगावर होती. तेव्हापासून जार्लथ आणि नोरीन घराबाहेर एकत्र पडले नव्हते. तो चर्चला गेला की ही घरी, ही लग्नाला गेली की तो घरी. दोघं नवरा-बायको कमी आणि पाळी बदलणारे कामगार जास्त झाले होते. लाल मोटरसायकल शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. दर शनिवारी जार्लथ ती सुरू करायचा, थोडा वेळ तिचा आवाज ऐकायचा आणि बंद करायचा.

मार्चमध्ये एकदा भांडी विसळता विसळता नोरीन म्हणाली होती, "जार्लथ, मला दोन दिवस हवेत. तुझ्याबरोबर. समुद्राच्या कडेकडेने, पूर्वी जायचो तसं. नाही मिळाले तर मी भांडणार नाही. पण एक दिवस मी समुद्रापलीकडे लीड्सला बहिणीकडे जाईन, आणि तिथून परत यावंसं वाटेल की नाही, ते मला आज सांगता येत नाही."

ती धमकी नव्हती. धमकी असती तर जार्लथने उलट काहीतरी ऐकवलं असतं. तिने हवामान सांगावं तसं सांगितलं होतं, म्हणून तो घाबरला.

तालुक्याच्या गावी म्हाताऱ्या माणसांचं हॉस्पिटल होतं, तिथे दोन-चार रात्रींपुरतं ठेवून घेत. विनीने आजवर त्याचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं, कारण तिची स्वतःची आई त्या दारातून चालत आत गेली होती आणि शवपेटीतून बाहेर आली होती. या वेळी जार्लथने चाचरत विचारलं तेव्हा ती "जाईन" म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. पुढे कोणी तो विषय काढला नाही.

"न्यूपोर्टपर्यंत तर काहीच प्रश्न नाही," नोरीनने नकाशावर बोट फिरवलं. "सगळा वेळ समुद्र डाव्या हाताला. म्हणजे आपल्याच बाजूला. मध्ये समोरून येणारी गाडीसुद्धा नाही."

"न्यूपोर्टला पुलापाशी फिडेल्माचं दुकान आहे."

"ती तुझी चुलत बहीण आहे, पोलीस नाही. हेल्मेट असेल डोक्यावर, मान वळवायची नाही."

"हेल्मेटला काय करायचंय? मोटरसायकल लाल आहे. बाबांच्या मयतालाही मी हीच घेऊन गेलो होतो. सगळा जिल्हा ओळखतो."

"मग हिरवी रंगव."

"आता तू उगाच..."

"बरं, राहिलं. न्यूपोर्टनंतर मलरॅनी. आणि तिथून डावीकडे, तो कड्याकडेचा रस्ता." तिचा आवाज आपोआप मऊ झाला. "ते वळण आठवतं? डोंगर संपतो आणि एकदम पायाखाली सगळं पाणीच पाणी. तू तिथे मुद्दाम वेग कमी करायचास."

"मुद्दाम नाही. तिथे खडी असते. आणि मेंढ्या."

"मला वाटायचं माझ्यासाठी करतोस."

"तुझ्यासाठीपण," जार्लथ म्हणाला आणि त्याचे कान तापले. मग त्याने बोट उचलून फाट्यावर ठेवलं. "पण इथे अट्रॅक्टा मावशी आहे."

हे मात्र खरं संकट होतं. अट्रॅक्टा ही विनीची धाकटी बहीण. तिचं घर बरोबर फाट्यावर, स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर, आणि खिडकीत दुर्बीण. ती तिच्या नवऱ्याने पक्षी बघायला घेतली होती. तो गेल्यावर तिने पक्ष्यांना सुट्टी दिली.

"तिला चुकवून आजवर कोणी गेलेलं नाही," जार्लथ म्हणाला. "पोस्टमनसुद्धा टार्ट खाऊनच पुढे जातो."

"मग थांबू. खरं सांगू."

"काय सांगू? की तुझी बहीण हॉस्पिटलात टाकली आणि आम्ही हवा खायला निघालो?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पुढच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत रेडिओवर सकाळची मयतांची नावं वाचली जात होती. विनी ती कधी चुकवत नसे, पण आत्ता रेडिओचा आवाज मघापेक्षा लहान वाटत होता.

जार्लथने पेन्सिल उचलली आणि घाईघाईने दुसरीच रेघ ओढली. न्यूपोर्टहून उजवीकडे, तलावाच्या कडेने वर, दलदलीच्या माळातून थेट उत्तरेला. "हा बघ. इथे आपलं कोणीच राहत नाही."

"तिथे कोणाचंच कोणी राहत नाही. मेंढ्यासुद्धा कंटाळतात." तिने रेघेवरून बोट नेलं. "यात समुद्र कुठे आहे?"

"बँगर गावाच्या पुढे दिसतो की. लांबून. हवा स्वच्छ असली तर."

नोरीन भांडली नाही. तिने मीठ उचललं, लोणी उचललं, नकाशाची घडी घातली. "हाही रस्ता छान आहे," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता. शेजारच्या खोलीतल्या बाईने तिच्या सगळ्यात मोठ्या भीतीला हो म्हटलं होतं, आणि आपण इथे समुद्र दिसेल की नाही यावरून हिरमुसतोय, असं तिला वाटलं. पण हिरमुसायचं थांबेना.

"नोरीन," आतून हाक आली. "तो फोन दे इकडे. आणि जाताना दार लोटून घे, वारं येतंय."

वारं कुठेही नव्हतं. नोरीनने फोन उशीजवळ ठेवला. "कोणाला लावून देऊ, मॅमी?"

"मला नंबर पाठ आहेत. माझा हात गेलाय, डोकं नाही."

दार लोटलं गेलं. बटाटे शिजून गार झाले तरी आतली कुजबुज चालू होती. जेवण घेऊन नोरीन आत गेली तेव्हा विनीचा उजवा कान लालबुंद झाला होता.

"पावसाचे कपडे न्या," विनी म्हणाली. "आणि त्याला हळू चालवायला सांग. लहानपणापासून वळणावर घाई करतो."

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात विनी चाकाच्या खुर्चीत बसली, मांडीवर पर्स, ओठांना लिपस्टिक. "बघत काय उभे राहिलात? निघा," ती म्हणाली. नोरीन पापा घ्यायला वाकली तेव्हा विनीने चांगल्या हाताने तिच्या जाकिटाची बाही धरली, आणि ती सोडायला थोडा वेळ लावला.

दोघं गाडी घरी ठेवून मोटरसायकलवर बसले. न्यूपोर्टच्या पुलावर नोरीनने मान न वळवता तिरक्या नजरेने पाहिलं, तर फिडेल्माच्या दुकानाच्या खिडकीचा पट्ट्यांचा पडदा भर सकाळी खाली ओढलेला. माल आणायला गेली असेल, बरं झालं. पुढे उजवीकडचं वळण आलं आणि गेलं.

"अरे, वळण गेलं," नोरीन त्याच्या कानाशी ओरडली.

"दिसलं मला."

"मग?"

"अट्रॅक्टा मावशीला काय म्हणायचं ते म्हणू दे," तो वाऱ्यात ओरडला. "मी सांगेन तिला खरं. तू टार्ट खा."

नोरीनने दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती घट्ट आवळले. असं कोणी आपल्यासाठी शेवटचं कधी केलं होतं हे तिला आठवेना. डाव्या हाताला खाडी उघडत गेली, बेटांमागून बेटं, आणि भरतीचं पाणी ऊन खात पडलेलं. ती मोठ्याने हसली. जार्लथ मात्र हसत नव्हता. त्याचा वेग कमी कमी होत होता.

कारण रस्त्याकडेच्या टॉमीकाकाच्या घराचे पडदे ओढलेले होते. पुढे त्याच्या मुलाच्या घराचेही. तिसऱ्या एका घरात तर त्यांच्या डोळ्यांदेखत एका हाताने पडदा सर्रकन ओढला.

त्या किनाऱ्यावर दिवसाढवळ्या पडदे ओढतात ते एकाच कारणाने. घरातलं कोणी गेलेलं असतं, किंवा रस्त्यावरून शवपेटी जात असते. आणि ही सगळी घरं एकाच गोतातली होती.

मलरॅनीच्या फाट्यावर जार्लथने मोटरसायकल थांबवली. अट्रॅक्टा मावशीच्या झाडून सगळ्या खिडक्यांना पडदे होते. त्याने हेल्मेट काढलं.

"मॅमी," तो एवढंच म्हणाला.

फोनला रेंज नव्हती. रेडिओवर नाव आलं असेल, सगळ्यांना कळलं असेल, आपल्याशिवाय. ती तिथे गेली आणि तिच्या आईसारखीच गेली. आणि मला समुद्र बघायचा होता.

जार्लथने दार ठोठावलं. आत कोणीतरी खोकलं, पण दार उघडलं नाही. त्याने खाली बसून पत्रं टाकायच्या फटीचं झाकण उचललं.

"मावशी, मी जार्लथ."

"मी कोणाला ओळखत नाही," आतून आवाज आला.

"मावशी, मॅमी गेली का?"

"कोण, विनी? तिला काय धाड भरलीय? आत्ताच फोन येऊन गेला तिचा. तिथला चहा पातळ आहे म्हणून शिव्या घालत होती."

जार्लथचा जीव भांड्यात पडला, आणि तो स्वतः पायरीवर. मग नोरीनच फटीशी वाकली. "मग हे पडदे कशाला, मावशी?"

"तिनेच ओढायला लावलेत. किनाऱ्यावरच्या सगळ्यांना फोन केलेत तिने. म्हणाली, दिसलं की हाक मारावी लागते, म्हणून बघूच नका. लाल मोटरसायकलचा आवाज आला की पडदे ओढून घ्या. आणि जो कोणी या दोघांना चहाला आत घेईल त्याने माझ्या मयताला पाऊल टाकायचं नाही. आता मला जायचंय बाई तिच्या मयताला. आम्ही दोघीच उरलोय. तुम्ही निघा."

जार्लथ हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. नोरीन उठणार तेवढ्यात फटीतून पुन्हा आवाज आला, या वेळी हलका.

"पोरी, तो ऐकतोय का?"

"नाही," नोरीन म्हणाली. तो ऐकत होता.

"मी तुम्हाला पाहिलेलं नाही आणि हे सांगितलेलंही नाही. म्हणाली, मला तिथे जायची फार भीती वाटते ग, अट्रॅक्टा, पण त्यांना कळलं तर ती पोरगी जायची नाही. म्हणाली, सहा वर्षं ती माझं अंग पुसतेय, आणि एकदासुद्धा तिने मला लाजायची वेळ आणली नाही." आत नाक शिंकरल्याचा आवाज आला. "हे तिने तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. पण आम्ही बहिणी तशा मेल्या मुलखाच्या अकडू."

फटीचं झाकण खाली पडलं.

जार्लथने मोटरसायकलपाशी येऊन हेल्मेट हातात घेतलं, पण घातलं नाही. "नोरीन, परत जाऊया? आत्ता निघालो तर दुपारच्या आत पोहोचू. तिला घरी आणू."

नोरीनलाही तेच वाटत होतं. पळत जावं, तिची पर्स उचलावी, खुर्ची ढकलत दाराबाहेर काढावी. तिने हॉस्पिटलच्या दिशेने पाहिलं, मग पडदा लावलेल्या खिडकीकडे पाहिलं. पडद्याला मधोमध एक बारीक फट होती आणि फटीत दुर्बिणीची काच चमकत होती.

"नाही," ती म्हणाली. "घाबरत घाबरत दिलेत तिने हे दोन दिवस. त्यातला एक तासही तिला परत करायचा नाही. शनिवारी जाऊ आणि तिला सगळं सांगू, एक न् एक वळण."

जार्लथने तिच्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला. लावून झाल्यावरही त्याचा हात तिच्या हनुवटीखाली राहिला, आणि किती दिवसांनी तो तिच्याकडे नीट बघत होता.

ते डावीकडे वळले. कड्याच्या त्या वळणावर त्याने वेग अगदी कमी केला. तिथे खडी नव्हती, मेंढ्याही नव्हत्या. पायाखाली समुद्र उघडला तेव्हा नोरीनने त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि ती पोटभर रडली. या वेळी शेजारच्या खोलीतून हाक येईल म्हणून तिला डोळे पुसायची घाई करावी लागली नाही.