डावीकडची भिंत

धाकटीने घर बघायला चल म्हटलं तेव्हा खरं तर माझ्या जिवावर आलं होतं. आठवड्यात एक सुट्टी, उजवा खांदा दोन दिवस ठणकत होता, आणि रोज दुसऱ्यांच्या भिंती रंगवणाऱ्या माणसाने सुट्टीलाही भिंतीच बघायच्या म्हणजे हद्द झाली. पण या बहिणीपुढे माझं लहानपणापासून काही चालत नाही.

औषधांच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं उभ्याने गोळ्यांच्या पाकिटांची तपासणी करते. आता पाय सुजतात. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा. तिथे बसायला खुर्चीच नाही. म्हणून तिने ठरवलं, होतं नव्हतं ते घालून एक छोटं घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं, आणि भाडं सुरू झालं की कारखान्याला रामराम ठोकायचा. त्यासाठी चार रविवार शिकवणीला जाऊन आली. गुंतवणुकीची शिकवणी! वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, वहीला कव्हर घालून.

"घराच्या प्रेमात पडायचं नाही, दादा," जिना चढताना ती मला शिकवत होती. "आपण थोडेच राहणार आहोत तिथे? भाडेकरूच्या नजरेनं बघायचं. आणि जाणकार माणूस बरोबर न्यायचा. वर्गातले सगळे जाणकार शोधत बसलेत. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊच रंगारी आहे."

तिसऱ्या मजल्यावर ती पहिल्या दाराशी थांबली. हे दार मला ठाऊक होतं.

एजंटने दार उघडलं. माझं निम्म्याहून जास्त काम याच्याकडून येतं. त्याने माझ्याकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "हे कोण, भाऊ का? नमस्कार." मीही नमस्कार म्हणालो, जन्मात पहिल्यांदा भेटल्यासारखा. त्या नमस्काराची मला अजून लाज वाटते.

धाकटीने वहीतल्या यादीप्रमाणे नळ सोडले, खिडक्या उघडल्या, दिवे लावून बघितले. मग बाहेरच्या खोलीतल्या डावीकडच्या भिंतीपाशी आली आणि तिच्यावरून तळहात फिरवला.

"किती गुळगुळीत आहे बघ. अगदी तुझ्या हातचं वाटतं."

माझ्याच हातचं होतं. दोन महिन्यांपूर्वी ती भिंत खांद्याएवढ्या उंचीपर्यंत काळी पडली होती, पोपडे नखाने निघत होते. पलीकडे न्हाणीघर आहे. भिंतीतला पाइप गळतो, आणि तो बदलायचा तर सगळ्या लाद्या फोडाव्या लागतात. एजंट म्हणाला होता, "तू नुसतं तिचं तोंड धुऊन दे." मी खरवडलं, दोनदा पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, रंगाचे तीन हात दिले. घर विकलं जाईपर्यंत टिकेल, एवढंच. असली कामं मी नेहमी करतो. रंगाऱ्याने रंगापुरतं बघावं, असं स्वतःला सांगत आलोय. दमलेल्या माणसाला ते लगेच पटतं.

"दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय," एजंट म्हणाला. "तुम्ही आत्ता विसार दिलात तर त्यांना येऊ नका म्हणून कळवतो."

धाकटीने पिशवीतून चेकबुक काढलं. "सांग ना, दादा. घेऊ?"

एजंटही माझ्याकडेच बघत होता. पुढच्या महिन्यात मला त्याच्याकडची चार घरं रंगवायची होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"नको," मी म्हणालो. "भिंतीत ओल आहे."

"नुसतं बघून कळतं होय तुम्हाला?" एजंट हसला.

"मीच झाकलीय."

त्यानंतर फार काही झालं नाही. एजंटने चावी खिशात टाकली आणि म्हणाला, "उद्यापासून मला तोंड दाखवू नकोस." जिना उतरताना मला वाटत होतं, आता धाकटी रडेल, निदान पाठीवर हात तरी ठेवेल. स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं बोललो होतो. एवढी अपेक्षा होती माझी, खोटं कशाला सांगू?

फाटकाशी ती थांबली. "दादा, माझ्या जागी दुसरी कुणी असती तर बोलला असतास?"

"नाही," मी म्हणालो.

ती फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली आणि चपला काढून सुजलेले पाय पसरले. "बस इथे. ते दुपारचं गिऱ्हाईक येईपर्यंत."

"ते नसेलच गं. एजंट असंच सांगतात. मी दमलोय, घरी जाऊ."

"मीही दमलेय. बस."

बसलो. दोन तास गेले. कंबर आखडली, खांदा ठणकत राहिला, आणि कुणी येऊच नये असं मला मनापासून वाटत होतं. पावणेदोनला एक बाई आल्या, साठीच्या असतील, एकट्याच. हातातला कागद बघून इमारतीकडे मान वर करून उभ्या राहिल्या. रस्त्यापलीकडे एजंट गाडी लावत होता. धाकटीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी उठलो. "बाई, तिसऱ्या मजल्यावरचं घर बघायला आलात का?" मी विचारलं. "मी तिथला रंगारी."